एक लंबक आणि पदवीची तीन वर्षे



दहावीच्या सुमारास तुमच्यापैकी अनेकांच्या घरी एक प्रश्न निघतो: "पुढे बी. एस्सी. करायची, तर तिथे शिकवतात तरी काय?" या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, "शाळेत जे शिकलात तेच, पण इंग्रजीत आणि जाड पुस्तकातून." दुसरा म्हणतो, "ते फार अवघड असते, दुसरीकडे कोठे प्रवेश मिळाला नाही तरच तिकडे वळावे." दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्या उत्तराने विद्यार्थी गाफील राहतो आणि दुसऱ्याने तो घाबरतो किंवा नाउमेद होतो. पहिल्या वर्षी जी मुले मागे पडतात, त्यांतली बरीचशी या दोहोंपैकी एका समजुतीची बळी असतात.

पदवीच्या अभ्यासक्रमातील विषयांची यादी देऊन या प्रश्नाचे उत्तर होणार नाही. त्यापेक्षा आपण तुमच्या ओळखीची एकच वस्तू घेऊ आणि शाळेपासून पदवीपर्यंत तिच्याबरोबर चालत जाऊ. ही वस्तू म्हणजे साधा लंबक: दोऱ्याला टांगलेला एक गोळा.

शाळेतला लंबक

दोऱ्याला बांधलेला गोळा थोडा बाजूला नेऊन सोडला, की तो आंदोलने करू लागतो. एका टोकापासून निघून पुन्हा त्याच टोकाला येण्यास जो वेळ लागतो तो आंदोलनकाल. शाळेत आपण शिकतो, की

आंदोलनकाल = २ × पाय × √(लांबी ÷ गुरुत्वत्वरण)

गोळा लोखंडाचा की लाकडाचा, याने आंदोलनकाल बदलत नाही. झोका थोडा मोठा की लहान, यानेही फारसा फरक पडत नाही. हा गुण गॅलिलिओच्या ध्यानात आला होता आणि त्याचा उपयोग करून हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ बनविले. भिंतीवरच्या जुन्या घड्याळांतला लंबक तो हाच.

लांबी एक मीटर घेतली तर आंदोलनकाल जवळजवळ दोन सेकंद येतो. उदाहरणे सोडवायची, सूत्रात किमती घालायच्या, उत्तर काढायचे. येथे शाळेतला लंबक संपतो. पदवीचा अभ्यास सुरू होतो तो नेमका येथून, आणि तो तीन प्रश्नांनी होतो.

पहिला प्रश्न: किती खात्रीने?

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पहिल्याच काही आठवड्यांत लंबकावरून गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग असतो. त्याला आपण सोयीसाठी 'जी' म्हणू. समजा, एका विद्यार्थ्याने दोऱ्याची लांबी व गोळ्याची त्रिज्या मिळून बरोबर १००.० सेंटिमीटर लांबी घेतली. वीस आंदोलनांना ४०.३ सेकंद लागले. म्हणजे आंदोलनकाल २.०१५ सेकंद. सूत्र उलटे फिरविले, की 'जी' येतो ९.७२ मीटर/सेकंद².

शेजारच्या टेबलावरचा मित्र सांगतो, "अरे, पुस्तकात ९.८१ दिले आहे." मग आपला विद्यार्थी ४०.३ खोडून तेथे ४०.१ लिहितो. गणित जुळते, जर्नलवर सही होते, आणि त्या दिवशी तो भौतिकी शिकता शिकता राहतो.

असे का म्हणायचे? स्टॉपवॉच सुरू करताना व थांबविताना आपल्या बोटाला मेंदूचा हुकूम पोहोचण्यास थोडा वेळ लागतो. त्यामुळे मोजलेल्या वेळात सुमारे ०.२ सेकंदाची त्रुटी धरावी लागते. ४०.३ सेकंदांत ०.२ सेकंद म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात आंदोलनकालाचा वर्ग आहे, म्हणून 'जी'मध्ये ही त्रुटी दुप्पट होते: एक टक्का. लांबी मोजताना एका मिलिमीटरचा फरक पडू शकतो. एक मीटरमध्ये तो ०.१ टक्का. दोन्ही मिळून त्रुटी झाली १.१ टक्के, म्हणजे सुमारे ०.११. तेव्हा विद्यार्थ्याचे खरे उत्तर असे आहे:

जी = ९.७२ ± ०.११ मीटर/सेकंद²

याचा अर्थ, 'जी' ९.६१ आणि ९.८३ यांच्या दरम्यान कोठेतरी आहे. हे उत्तर चुकीचे आहे का? मुळीच नाही! ते आपल्या मर्यादेसह अगदी बरोबर आहे. काही खोडण्याची गरज नव्हती.

आता गंमत पाहा. ९.८१ ही किंमत आली कोठून? पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांजवळ थोडी चपटी आहे. त्यामुळे 'जी' सर्वत्र सारखा नाही. विषुववृत्तावर तो सुमारे ९.७८० असतो, तर ध्रुवांवर सुमारे ९.८३२. लंडनमध्ये तो ९.८१२ आहे, आणि मुंबईत ९.७८६ च्या आसपास. म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेत बसून ज्याने वाचन खोडून ९.८१ आणले, त्याने आपले निरीक्षण टाकून लंडनचा आकडा जर्नलात लिहिला!

हा फरक प्रथम लक्षात आला तोही लंबकामुळेच. १६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे वेध घेण्यासाठी गेला होता. पॅरिसमध्ये बरोबर लावलेले त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला दोन ते अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ बिघडले असे म्हणून त्याने विषय सोडून दिला असता, किंवा वहीतला आकडा 'सुधारला' असता, तर? पण त्याने जे दिसले ते लिहिले. पुढे न्यूटनने १६८७ च्या आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात पृथ्वीच्या चपटेपणाचा विचार करताना या निरीक्षणाचा उपयोग केला.

आपल्या विद्यार्थ्याला मुंबई आणि लंडन यांतला फरक ओळखता येईल का? वीस आंदोलनांवरून नाही, ± ०.११ मध्ये दोन्ही शहरे सामावतात. त्याने शंभर आंदोलने मोजावीत. समजा, २००.९ सेकंद लागले. आता ०.२ सेकंदाची त्रुटी फक्त ०.१ टक्का झाली. दुप्पट करून व लांबीची त्रुटी मिळवून ०.३ टक्के. उत्तर येते ९.७८ ± ०.०३. आता ९.८१ अगदी काठावर जाऊन बसले. तोच दोरा, तोच गोळा, तेच घड्याळ. वाढली ती फक्त चिकाटी आणि प्रयोगामागची समज. पदवीच्या पहिल्या वर्षी शिकायचे ते हे: उत्तर किती आले याबरोबरच ते कितपत विश्वासाचे आहे, हे सांगता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न: सूत्र आले कोठून?

शाळेत सूत्र दिले जाते. पदवीला ते मिळवावे लागते, आणि मिळविताना आपण कोठे सूट घेतली तेही सांगावे लागते.

लंबक बाजूला गेला, की गुरुत्वाकर्षण त्याला मधल्या स्थितीकडे ओढते. ही ओढ कोनाच्या 'साइन'च्या प्रमाणात असते. न्यूटनचा दुसरा नियम लावला, की एक अवकल समीकरण तयार होते. म्हणजे ज्यात एखाद्या राशीबरोबर तिच्या बदलाचा दरही येतो असे समीकरण. ते सोडविण्यासाठी कलनशास्त्र लागते. हे समीकरण आहे तसे सोडविणे कठीण. म्हणून आपण एक सूट घेतो: कोन लहान असेल तर साइनऐवजी कोनच (रेडियनमध्ये) लिहिला तरी चालेल. ५ अंशांचा कोन म्हणजे ०.०८७३ रेडियन आणि त्याचा साइन ०.०८७२, फरक नगण्य. ३० अंशांना मात्र कोन ०.५२३६ आणि साइन ०.५, जवळजवळ पाच टक्के फरक!

म्हणजे शाळेतले सूत्र हे लहान झोक्यांपुरते सूत्र आहे. मग मोठ्या झोक्याला काय होते? पुढचे गणित केले तर आंदोलनकाल सूत्रापेक्षा असा वाढलेला मिळतो:

५ अंशांना सुमारे ०.०५ टक्के,
३० अंशांना सुमारे १.७ टक्के,
६० अंशांना सुमारे ७.३ टक्के,
९० अंशांना सुमारे १८ टक्के.

हे तुम्ही आजच घरी पडताळून पाहू शकता. एक मीटर लांबीचा लंबक करा. गोळा जड घ्या, म्हणजे हवेच्या विरोधाने झोका लवकर कमी होणार नाही. प्रथम ५ अंशांपर्यंत नेऊन दहा आंदोलने मोजा, सुमारे २०.१ सेकंद लागतील. मग ६० अंशांवरून सोडा. आता सुमारे एक ते दीड सेकंद जास्त लागेल. झोका हळूहळू लहान होत जातो, म्हणून पूर्ण दीड सेकंद दिसेलच असे नाही. पण साध्या स्टॉपवॉचवर हा फरक नक्की कळतो.

"झोका लहान असो की मोठा, आंदोलनकाल तोच" हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेले असते. ते खोटे नाही, पण त्याला एक हद्द आहे. प्रत्येक सूत्राला अशी हद्द असते. ती ओळखणे हे दुसऱ्या टप्प्याचे शिक्षण. त्यासाठी गणित चांगले लागते. भौतिकीच्या पदवीत मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण पुष्कळदा भौतिकीत नसतेच, ती गणितात असते. तुम्ही आज आठवी-नववीत असाल, तर त्रिकोणमिती आणि बीजगणित मन लावून करा. तीच पुढची शिदोरी आहे.

तिसरा प्रश्न: खरी वस्तू कशी वागते?

साधा लंबक हा तसा कल्पनेतला प्राणी आहे. वजन नसलेला दोरा आणि आकार नसलेला गोळा बाजारात मिळत नाही. म्हणून पदवीला 'बार पेंडुलम' येतो: सुमारे एक मीटर लांबीची धातूची पट्टी, तिला ओळीने पाडलेली भोके. एकेका भोकातून पट्टी पोलादी पात्याच्या धारेवर टांगायची आणि आंदोलनकाल मोजायचा.

आता तुम्हीच अंदाज करा. पट्टी टोकाला टांगली आहे. टांगण्याची जागा मध्याकडे सरकवीत नेली तर आंदोलनकालाचे काय होईल? लांबी कमी होत चालली, म्हणून आंदोलनकालही कमी होत जाईल, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात टोकाला तो १.६४ सेकंद असतो. मध्यापासून २८.९ सेंटिमीटरवर तो १.५३ सेकंद इतका खाली येतो. पण त्यानंतर तो वाढू लागतो! मध्याजवळ तर पट्टी इतकी सुस्त डोलते, की मोजणाऱ्याला जांभई यावी. पट्टी केवळ खाली-वर होत नाही, ती स्वतः वळतेही. त्या वळण्याचे जडत्व मध्याजवळ वरचढ ठरते.

त्यामुळे एक सुंदर गोष्ट घडते. पट्टी टोकाला टांगा, किंवा मध्यापासून १६.७ सेंटिमीटरवर टांगा; आंदोलनकाल तोच येतो. आणि ५० + १६.७ म्हणजे ६६.७ सेंटिमीटर ही बरोबर त्याच आंदोलनकालाच्या साध्या लंबकाची लांबी आहे. या गुणाचा उपयोग करून कॅप्टन हेन्री केटर याने १८१७ साली लंडनमध्ये 'जी'चे अतिशय सूक्ष्म मापन केले.

असे लंबक पुढे आपल्या देशातही आले. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात १८६५ पासून कॅप्टन बसेवी हा अधिकारी दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणी लंबकाची आंदोलने मोजीत गेला. १८७१ साली लडाखमधील मोरे पठारावर, साडेचार हजार मीटरहून अधिक उंचीवर, हे काम करीत असतानाच तो मरण पावला. त्या मोजमापांतून दिसले, की हिमालयाएवढा प्रचंड डोंगर खाली असूनही तेथे गुरुत्व अपेक्षेपेक्षा कमी भरते. म्हणजे डोंगराखाली खोलवर तुलनेने हलका खडक असला पाहिजे. पर्वतांना जमिनीत 'मुळे' असतात, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. दोऱ्याच्या टोकाला डोलणाऱ्या वस्तूने पर्वताच्या पोटातली बातमी सांगितली!

आणि लंबक येथेही थांबत नाही. त्याचे जे समीकरण दुसऱ्या टप्प्यात आले, तेच समीकरण रेडिओच्या विद्युत-मंडलात भेटते, रेणूंच्या कंपनांत भेटते, आणि शेवटच्या वर्षी पुंजयामिकीत थोड्या वेगळ्या वेषात पुन्हा समोर येते. ज्याने लंबक नीट समजून घेतला, त्याला या सर्व ठिकाणी ओळखीचा चेहरा दिसतो. ज्याने तो पाठ केला, त्याला दर वेळी नवे पाठांतर करावे लागते.

मग अभ्यास कसा करावा?

वरील प्रवासावरून अभ्यासाच्या चार सवयी आपोआप निघतात.

पहिली, पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचा. "यावरून सहज दिसते की" असे पुस्तकात आले, की थांबा आणि ते सहज दिसते का ते कागदावर करून पाहा. एका तासात दोनच पाने झाली तरी चिंता नको.

दुसरी, सिद्धता पाठ करू नका. पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर ती उभी करा. जेथे अडाल तेथेच तुमचे न समजलेले आहे. अपेक्षित प्रश्नांच्या संचावर परीक्षा निघून जाईलही, पण पुढच्या वर्षाचा पाया कच्चा राहील.

तिसरी, प्रयोगातले वाचन थेट शाईने लिहा. चुकले तर एक रेघ मारून शेजारी नवे लिहा. जुने दिसत राहू द्या. मित्राच्या जर्नलावरून उतरविलेले वाचन म्हणजे दुसऱ्याने जेवून आपले पोट भरण्यासारखे आहे.

चौथी सवय मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी. पहिले सत्र इंग्रजी शब्दांमुळे जड जाते, हे खरे आहे. पण ते शब्दांचे ओझे आहे, बुद्धीचे नव्हे. एका वहीत दोन रकाने आखा: जडत्व – इनर्शिया, त्वरण – ॲक्सिलरेशन, अवमंदन – डॅम्पिंग. रोज पाच शब्द लिहिले तर एका सत्रात काही शे शब्द होतात. विचार मराठीत करा, उत्तर इंग्रजीत लिहा. हळूहळू दोन्ही जमते. 'जडत्व' ज्याला कळले आहे, त्याला 'इनर्शिया' हे केवळ टोपणनाव आहे.

पदवीचे स्वरूप आणि पुढची वाट

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षे पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी अशी रचना आहे. अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो: एक श्रेयांक म्हणजे सत्रात सुमारे १५ तास व्याख्यान, किंवा ३० तास प्रयोगशाळा. यावरून प्रयोगशाळेसाठी किती वेळ द्यावा लागतो याची कल्पना येईल.

पदवीनंतर एम. एस्सी.साठी विद्यापीठे आहेत, आणि 'जॅम' या प्रवेश-परीक्षेतून आय. आय. टी.चे दारही उघडते. शिकत असतानाच आपली तयारी जोखण्यासाठी भारतीय भौतिकी अध्यापक संघटनेची पदवी विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय परीक्षा देता येते. डॉ. जयंत नारळीकर यांनीही बनारस हिंदू विद्यापीठातून १९५७ साली बी. एस्सी. केली आणि मग ते केंब्रिजला गेले.

बी. एस्सी. झाली म्हणजे नोकरी हातात आली, असे मात्र कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. नुसत्या पदवीच्या कागदाला फारसे वजन नाही. मोजता येणे, त्रुटी सांगता येणे, सूत्राची हद्द ओळखता येणे, हे ज्याला साधले तो शिक्षक होवो, हवामान-खात्यात जावो, कारखान्यात किंवा संगणकाच्या क्षेत्रात जावो, त्याचे शिक्षण त्याच्याबरोबर राहते. म्हणून दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही एवढ्याच कारणाने या वाटेला येऊ नका, आणि लंबक डोलताना पाहून "असे का?" हा प्रश्न मनात येत असेल, तर कोणाच्या नाके मुरडण्याने ही वाट सोडूही नका.

करून पाहा

१. एक मीटर लांबीच्या लंबकाची २०, ५० व १०० आंदोलने मोजा. प्रत्येक वेळी 'जी' आणि त्याची त्रुटी काढा. त्रुटी कशी कमी होत जाते ते पाहा.

२. लंडनमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ मुंबईत आणले. लंबकाची लांबी बदलली नाही, असे समजा. ते दिवसाला किती मागे पडेल? (लंडन ९.८१२, मुंबई ९.७८६ धरा.)

३. मुंबईत आंदोलनकाल बरोबर दोन सेकंद हवा असेल, तर साध्या लंबकाची लांबी किती हवी?

४. लाकडी मीटरपट्टीच्या टोकाजवळच्या भोकातून खिळा घालून ती टांगा व आंदोलनकाल मोजा. तो १.६४ सेकंदांच्या जवळ येतो का? फरक पडल्यास कारण शोधा.

उत्तरे: (२) सुमारे १ मिनिट ५५ सेकंद. (३) सुमारे ९९.२ सेंटिमीटर. (१) आणि (४) यांची उत्तरे तुमच्या वहीत मिळतील. जी येतील ती शाईने लिहा.